पोहणारे दोन

बंदोबस्ताचा आदेश आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता फोनवर आला. गणपती विसर्जन. गाव तिसगावपासून आठ किलोमीटर. पॉईंट नदीघाट. माणसे तीन. रिपोर्टिंग दुपारी एक वाजता. सेक्शन लीडर मी.

मी फौजेत नव्हते. होमगार्ड होते. एकोणीस वर्षे खाकी घातली. लोकांना वाटते होमगार्ड म्हणजे चौकात शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस. ते खरेच आहे. पण परेड आमचीही होते, आदेश आमच्याकडेही असतो, आणि आदेश मोडला तर काय होते ते आम्हालाही शिकवतात. आम्हाला शिकवायला नगरहून एक निवृत्त हवालदार यायचे. फौजेत त्यांनी रंगरूट घडवले होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू.

मी भरतीला गेले तेव्हा माझ्याकडे चौथीचा दाखला होता. तो पाहून टेबलामागचा माणूस म्हणाला, बाई, पुढचा कागद दाखवा. पुढचा कागद नव्हता. मी बाजूला होऊन भिंतीशी उभी राहिले. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत उभी होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून नुसती उभी राहिले. दोन वाजता उस्ताद आले आणि म्हणाले, ही सकाळपासून हललेली नाही, घ्या हिला. वायरलेसवरचे शब्द मी वहीत लिहून पाठ केले. हजेरी भरायला शिकले. सात वर्षांनी सेक्शन लीडर झाले. तेव्हापासून माझा एक समज झाला होता की माणसाला मनापासून हवे असले तर बाकीचे मागून येते. माझ्या बाबतीत आले होते.

मंगल माझ्या सेक्शनला आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. माझ्याच गावची. लग्नानंतर दहा वर्षे नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. एकदा फडावर खोपी पेटल्या होत्या, तेव्हा खाकीतल्या एका बाईने आत शिरून म्हातारी बाहेर काढली. मंगलने ते पाहिले. त्या दिवसापासून तिला खाकी हवी होती. ती बाई पोलीस होती, होमगार्ड होती की अग्निशामक दलाची, हे तिला सांगता येत नव्हते. खाकी होती एवढेच तिला माहीत होते.

पहिल्या परेडला 'तेज चल' म्हटल्यावर मंगलचा डावा पाय पुढे गेला आणि त्याच्याबरोबर डावा हातही गेला. मग उजवा पाय, उजवा हात. सगळी रांग हसली. आमच्या सेक्शनला बापू होता, गोदाकाठचा. नदीच्या कडेला वाढलेला, त्यामुळे पाण्यात माशासारखा, आणि तोंडाने फटकळ.

"मंगलताई, दोन्ही डावे पाय घेऊन आलात काय घरून?" तो म्हणाला.

"तुमचा एक उजवा द्या की उसना," मंगल म्हणाली. "न्हाईतरी तुमी बसूनच असता."

तिची ती चाल जायला अडीच महिने लागले. रोज पहाटे शेताच्या बांधावरून ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन 'एक दो एक' म्हणत चालायची. लोक तिला वेडी म्हणायचे. सव्वीस जानेवारीच्या परेडला तिचा हात पायाच्या उलटा, नीट, खांद्याच्या उंचीला गेला. मी तिच्या मागच्याच रांगेत होते. माझ्या डोळ्याला पाणी आले ते मी कुणाला दाखवले नाही.

ही परेडची गोष्ट मी एवढ्यासाठी लिहिते आहे की पुढचे सगळे त्या परेडमुळे झाले. मंगलला जमत नाही असे काही असेल, हे त्यानंतर माझ्या मनात आले नाही.

त्या उन्हाळ्यात उस्तादांनी आमचे पाण्याचे प्रशिक्षण घेतले. आमच्याकडे आता जिकडे तिकडे शेततळी झाली आहेत. मोठा खड्डा, चारही बाजूंनी उतार, आतून अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. विहिरीला पायऱ्या असतात, कपार असते. शेततळ्याला काही नसते. कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरले, की चांगला पोहणारासुद्धा वर येत नाही. काठ दोन हातांवर दिसतो आणि माणूस तिथेच दमून जातो.

उस्तादांनी मैदानाच्या उतारावर तसल्याच कागदाचा तुकडा अंथरला, त्यावर साबणाचे पाणी ओतले आणि एकेकाला खालून वर चढायला सांगितले. सगळे घसरले. बापूही घसरला. लोक हसत होते, एकमेकांना ढकलत होते. मंगल सहा वेळा घसरली. सातव्या वेळी नखे रोवत, गुडघे घासत वर आली. कोपर सोलले होते, पँट फाटली होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त मी वाजवल्या.

उस्तादांनी वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "सातव्या खेपेला आलीस. पाण्यात सात खेपा मिळत नाहीत."

मग त्यांनी नियम सांगितला आणि तीन वेळा म्हणून घेतला. शेततळ्यात उडी मारायची नाही. आधी गाठ, मग हाक, मग दोर. दोराचे एक टोक खांबाला किंवा कुंपणाच्या लोखंडी अँगलला बांधायचे. बुडणाऱ्याला हाक मारायची. मग दोर फेकायचा. कुणाला उतरावेच लागले तर तो पोहणारा हवा आणि बांधलेला दोर त्याच्या कमरेला हवा. ज्याला पोहता येत नाही त्याने पाण्याकडे पाठ करून गर्दी अडवायची.

मंगलला पाण्याकडे पाठ करायची नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या घरी आली. म्हणाली, "ताई, तुमची विहीर द्या मला. मी शिकते."

आमच्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. डबा वर धरतो, हातपाय हलवायला येतात, मग एक दिवस डबा सोडतात. मंगल तशी शिकली. मी पायरीवर बसून तिच्या कमरेचा दोर धरायची. मला स्वतःला पोहता येत नाही. पाण्यात कुणी चार हात मारले तरी मला ते फार वाटते. दोन महिन्यांत ती डबा बांधून विहिरीच्या या कडेपासून त्या कडेला जायला लागली. डबा सोडून चार-पाच हात जायची आणि कपार धरायची. नाकातोंडात पाणी जायचे. वर येऊन खोकत हसायची.

"अजून महिनाभर," ती म्हणायची. "मग डबा तुमाला भेट."

जुलैमध्ये यादी आली. प्रत्येक सेक्शन लीडरने आपल्या माणसांची माहिती भरायची होती. नाव, रक्तगट, वाहन येते का, पोहता येते का. मंगलच्या नावापुढच्या रकान्यापाशी मी थांबले. ती माझ्या मागे उभी होती. नुसती उभी होती, मी भिंतीशी उभी होते तशी. मी 'होय' लिहिले. यादीवर सही करताना उस्तादांनी विचारले, "सुमन, ही पोहते?"

"पोहते, उस्ताद," मी म्हणाले. गणपतीपर्यंत महिना होता. तोवर ती डबा सोडेल असे मी धरून चालले होते.

पाऊस लांबला होता. ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी तळाला गेले आणि मंगलचे शिकणे थांबले. यादी मात्र गेली ती गेली.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही एकच्या आधी दहा मिनिटे रिपोर्ट केले. पोलीस चौकीतून एक वॉकीटॉकी मिळाली. पन्नास फुटी नायलॉनचा दोर मिळाला. लाईफ जॅकेटे मोठ्या तलावाच्या पॉईंटला दिली होती, आमच्या घाटावर गुडघाभरसुद्धा पाणी नव्हते. जीपने आम्ही पावणेदोनला गावात पोचलो. नदी पाहिली. वाळूत डबकी होती.

त्या गावात एक गाव एक गणपती. मूर्ती मोठी, चार माणसांनी पाटावर उचलायची. अडीच वाजता मंडळाचा संतोष नावाचा पोरगेला कार्यकर्ता आला. पंचवीस-सव्वीसचा, डोक्याला भगवे फडके. म्हणाला, "ताई, डबक्यात देव बुडवायचा न्हाई म्हणतेत गाववाले. आबांच्या शेततळ्यात करू, कॅनॉलच्या पाण्यानं भरलेलं हाय. आबांनी व्हय म्हनलंय."

पॉईंट बदलणे माझ्या हातात नव्हते. मी तीन वाजायला दहा मिनिटे असताना कंट्रोलला विचारले. ते बोलणे मला शब्दन् शब्द आठवते.

"कंट्रोल, नदीघाट पॉईंट. विसर्जन शेततळ्यात करायचे म्हणतात. ओव्हर."

"किती खोल? ओव्हर."

"वीस फूट. ओव्हर."

"तुमच्याकडे पोहणारे किती? ओव्हर."

माझ्या उजव्या हाताला बापू उभा होता, डाव्या हाताला मंगल. मंगलने दोर खांद्यावर घेतला होता आणि ती सावधानमध्ये उभी होती. तिला कुणी सावधान दिलेले नव्हते.

"दोन. ओव्हर," मी म्हणाले.

"दोन असतील तर हरकत नाही. एक काठावर कायम ठेवा. एकच असता तर थांबवले असते, तलावावरची टीम मोकळी झाल्यावर पाठवली असती. ओव्हर."

"समजले. आऊट."

सेट खाली घेताना बापूने माझ्याकडे पाहिले. "दोन?" त्याने विचारले. मी म्हणाले, यादीत दोन आहेत. पुढे कधीतरी तो म्हणाला की तेव्हाच सेट माझ्या हातातून घ्यायला हवा होता. तो त्याचा दोष नाही.

शेततळ्याला तारेचे कुंपण होते आणि एक फाटक. मी मांडणी केली. मंगलला दोर घेऊन पाण्याच्या बाजूला, बापूला तिच्यापासून दहा पावलांवर, मी गर्दीकडे तोंड करून. मंगलने दोराचे टोक अँगलला बांधले. गाठ मी ओढून पाहिली. गाठ पक्की होती. गाठी तिला चांगल्या यायच्या.

चार वाजून दहा मिनिटांनी मिरवणूक आली. गुलाल, ढोल, मागे ट्रॅक्टर. मिरवणुकीबरोबर एक पोलीस हवालदार होते ते रस्त्यावर वाहने अडवायला थांबले. पावणेपाचपर्यंत आरती चालली. चार पंचावन्नला ट्रॅक्टरची ट्रॉली फाटकात अडकली आणि मागची माणसे कुंपणावर रेटली जाऊ लागली. तारेत बायका अडकल्या होत्या. तिथे ताकदीचा माणूस हवा होता. मी बापूला म्हणाले, "फाटकावर जा."

"ताई, मी हितंच बरा," तो म्हणाला.

"मंगल आहे ना. जा."

तो गेला. काठावर एक पोहणारा कायम ठेवायचा हा आदेश होता. मी तो पाळला असे मला त्या क्षणी वाटले.

पाच वाजता संतोषसह चौघांनी पाट उचलला. दोर अँगलपासून तिरपा, त्यांच्या पायांच्या वाटेत येत होता. संतोष म्हणाला, "ताई, तेवढा दोर काढा, पाय अडकतील." मंगलने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने गाठ सोडली, दोराचे वेटोळे करून खांद्यावर घेतले. पाट पुढे गेला. आता तिने पुन्हा गाठ मारायची होती. त्याला अर्धे मिनिट लागते.

तेवढ्यात संतोषचा पाय ओल्या कागदावर गेला. बाकीच्या तिघांनी पाट सोडला. मूर्ती, पाट आणि संतोष खाली गेले. मूर्ती लगेच बुडाली. पाट वर आला. संतोष वर आला आणि ओरडला.

मी ओरडले, "गाठ! आधी गाठ!"

मंगलने ऐकले. माझी खात्री आहे. तिने मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. परेडला जसा चेहरा होता तसा होता. मग ती बुटांसकट, दोराच्या वेटोळ्यासकट उडी मारून गेली.

आमच्याकडे दोर एकच होता. तो तिच्याबरोबर पाण्यात गेला.

मी सेटवर मदत मागितली आणि बापूच्या नावाने हाक मारली. ढोल अजून वाजत होते. फाटकापर्यंत आवाज जात नव्हता. मी एका माणसाला पळवले.

मंगल चार हात मारून संतोषजवळ पोचली. तोवर त्याने पाट धरला होता. तो पाटावर छाती टाकून तरंगत होता. त्याला तिची गरज उरली नव्हती. तो तिला म्हणाला, पाट धरा ताई. तिचा हात पाटाला लागला की नाही ते मला दिसले नाही. ती वळली आणि काठाकडे आली. विहिरीतही ती अशीच वळायची, कपारीकडे.

इथे कपार नव्हती. तिने कागदावर हात टाकला आणि घसरली. मी उताराच्या वर पालथी पडले होते. माझा पट्टा आणि शिट्टीची दोरी एकत्र बांधून खाली सोडली होती. तिच्या बोटांपासून वीतभर कमी पडत होती. ती पुन्हा वर आली, नखे रोवली, घसरली. मी मोजत होते. मला मोजायचे नव्हते, पण मोजले जात होते. तिसऱ्या खेपेला ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, येतंय, येतंय." चौथ्या खेपेला तिचे फक्त हात वर आले.

पाचवी खेप झाली नाही.

पोरांनी ढोलाचे पट्टे आणि फेटे जोडून फेकले. संतोष पाटासकट ओढला गेला आणि वर आला. बापू धावत आला. त्याने ते फेटे कमरेला बांधले, दुसरे टोक चौघांच्या हातात दिले आणि उतरला. आधी गाठ, मग उडी. तिसऱ्या बुडीला त्याला ती सापडली. नायलॉनचा दोर तिच्या पायाला गुंडाळला होता. तेव्हा पाच वाजून एकोणीस मिनिटे झाली होती. तिसगावच्या दवाखान्यात सहा वाजता डॉक्टरांनी सांगितले. तिच्या हाताच्या नखांत काळ्या कागदाचे तुकडे होते. ते मी पाहिले.

चौकशी झाली. साहेबांनी सभ्यपणे विचारले. यादीत 'होय' आहे, तिला पोहता येत होते ना? समोर तिचा नवरा बसला होता. त्याच्या मांडीवर तिची टोपी होती. मी म्हणाले, "होय साहेब." पहिल्यांदा मी ते तिच्यासाठी लिहिले होते. दुसऱ्यांदा सेटवर आकडा सांगितला. तिसऱ्यांदा कुणासाठी म्हणाले ते मला सांगता येत नाही.

तेराव्याला उस्ताद आले. वय झाले होते, काठी घेऊन आले. मांडवाच्या बाहेर त्यांनी मला विचारले, "डबा सोडला होता का तिने?"

"न्हाई, उस्ताद."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "सही माझी आहे." एवढेच. त्यानंतर ते पाण्याचे प्रशिक्षण घ्यायला आले नाहीत. मी महिनाअखेर पट्टा, टोपी आणि शिट्टी जमा केली.

आता चार वर्षे झाली. मंगलच्या घरी खाकीतला तिचा फोटो आहे. तिचा नवरा आल्यागेल्याला सांगतो, "लई चांगली पोहायची वो. नशीब आडवं आलं." संतोष दरवर्षी विसर्जनाच्या दिवशी येतो, फोटोला हार घालतो आणि म्हणतो, ताईंनी मला जीवदान दिले. शाळेत तिच्यावर मुले भाषण करतात. जिद्द असेल तर माणूस काहीही करू शकतो, असे त्यात असते. मला पहिल्या वर्षी पुढच्या खुर्चीवर बसवले होते. नंतर मी जात नाही.

तिने दोर फेकला असता तर दोघेही घरी गेले असते. पाण्याकडे पाठ करून उभी राहिली असती तरी गेले असते, कारण संतोषला पाटाने वाचवले. बापू काठावर असता तरी गेले असते. हे मला माहीत आहे, बापूला माहीत आहे, उस्तादांना माहीत होते. उस्ताद मागच्या वर्षी गेले.

डबा माझ्या विहिरीच्या खांबाला अजून टांगलेला आहे. त्याच्या दोरीला मंगलने मारलेली गाठ आहे, तिच्या पाठीच्या मापाची. मला सोडता आलेली नाही. ती सुटतही नाही, इतकी पक्की मारलेली आहे.

कागदावर जे चुकीचे गेले ते आता बदलणार नाही. या वहीत मी तेवढी एक ओळ नीट भरते.

नाव: मंगल. वाहन येते का: नाही. पोहता येते का: नाही.

भरणारीची सही: सुमन, सेक्शन लीडर.